पाईची बाई

वकील मंडळींबद्दल माझं मत कधीच फार चांगलं नव्हतं. ह्या वकिलानं ते कायमचं नासवलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे गृहस्थ जालन्यात मस्तगडला आमच्याच गल्लीत राहायचे, रोज एसटीनं अंबडच्या कोर्टात जायचे आणि रविवारी सकाळी तिकिटांचा अल्बम घेऊन माझ्या ओसरीवर पाय पसरून बसायचे. टपाल तिकिटं जमवणारे आम्ही तिघंच. तिसरे मूळ वाटूरचे, पण गल्लीतच बिऱ्हाड केलेले एक शाळामास्तर, त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो.

गुरुजींच्या निजामी तिकिटांच्या संचात पाईचं, म्हणजे पैच्या किमतीचं, एक तिकीट तेवढं कमी होतं. वकिलाकडे ते होतं. गुरुजी त्याच्या बदल्यात मूठभर तिकिटं द्यायला तयार होते, पण ह्याचा डोळा नेमका एकावर. छप्पन्न सालचं बुद्धजयंतीचं तिकीट ते. गुरुजींच्या चुलत्यांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिथून भावाला पत्र टाकलं, त्या पाकिटावरचं. नागपूरचा शिक्का आणि तारीख त्यावर स्पष्ट वाचता यायची. गुरुजी कितीतरी दिवस नाही म्हणत राहिले. पण छंद माणसाला येडं करतो. ‘गल्लीतच तर आहे, कवाबी बघायला या,’ असं वकिलानं गोड बोलून ते घेतलंच.

पुढच्या रविवारी गुरुजींनी नवं तिकीट माझ्या हातात दिलं. वकीलही होतेच. मी निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेलो. ह्या दोघांच्या वेळेला शाळा मराठी झाल्या होत्या. मी भिंग लावलं आणि मला हसूच फुटलं. तिकिटाचा खालचा कोपरा कधीतरी फाटला असावा. तिथं कागद चिकटवून, कंगोरे कापून, अक्षरं शाईनं काढली होती. उर्दूत ‘पाई’ लिहायचं तर पहिल्या अक्षराखाली तीन नुक्ते, म्हणजे ठिपके, हवेत. ह्या विद्वानानं एकच ठिपका दिला होता.

“वकीलसाहेब,” मी म्हणालो, “निजामानं पाई छापली होती. तुम्ही बाई केलीत.”

गुरुजींचा चेहरा उतरला. वकिलाचा मात्र नाही. निर्लज्जपणाचीही सनद घेतली असावी.

“जरा सफाई केली. त्यात काय बिघडलं?”

“मंग सांगायचं न्हाई का?” गुरुजी म्हणाले.

“तुम्ही इचारलं का? फसवणूक व्हायला खोटं बोलावं लागतं, गुरुजी. मी एक शब्द तरी खोटा बोललो का?”

म्हणजे शाईनं खोटं लिहिलं ते चालतं, जिभेनं बोलायचं तेवढं बाकी होतं! तोंड मिटून बसणं म्हणजे खरं बोलणं, ही अक्कल पोरंसुद्धा गोट्या खेळताना चालू देत नाहीत. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते हसले. कायद्याचं पांघरूण घेऊन हसणाऱ्या त्या माणसाची मला शिसारी आली, आजही येते.

तिकीट परत करा, नाहीतर ही बाई अंबड कोर्टाच्या बाररूममध्ये भिंगासकट मांडतो, असं मी म्हणालो तेव्हा मात्र हसू आटलं. धर्माची नाही, टिंगलीची भीती होती त्याला. तो घरी गेला आणि बुद्धजयंतीचं तिकीट चिमट्यात धरून घेऊन आला. वर उपकाराचा आव.

“घ्या गुरुजी. बराबर धुऊन घेतलंय, औषध लावून. बिलकुल कोरं! उलट तुमचा फायदाच झाला.”

गुरुजींनी तिकीट तळहातावर घेतलं. उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. वकिलाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“काका,” त्यांनी मला विचारलं, “ह्यातलं नागपूर कुठं गेलं?”