ब्लॉगवर कोणी आमेन म्हणेना

जय ख्रिस्त सगळ्यांना! बोलते मी, टाइप करते सूनबाई.

चर्चमध्ये साक्ष दिली की सगळे आमेन म्हणतात. बहिणीशी अबोला सोडल्याची माझी साक्ष पाळकांनी फोटोसकट चर्चच्या ब्लॉगवर टाकली, तर खाली एक शब्द नाही! जिवाला लागलं. पाळकांना म्हटलं, कोणाला पटली नाही, काढून टाका.

आज खापर गावच्या बाजारात मिरच्या घेत होते. तिखट होत्या, असो. मिरचीवाली म्हणाली, “माय, फोटोमधली तूच ना? पोरनी वाची दाखाडं. मी बी मन्ही बहिणले फोन करा. दोन्ही रडनूत.”

“फोन केलास, मग आमेन का नाही लिहिलंस?”

“मले लिव्हता कुठे येस? घरमाच म्हनं, मोठ्यानी!”

तिथूनच पाळकांना फोन केला, साक्ष राहू द्या. तुम्हीपण घरातच म्हणता का हो?