कशाला हवं, ते विचारायचं नाही

परगावी मराठी माणसं थोडी, म्हणून किस्से फार. कोलकात्यातलं आमचं मंडळ एका हॉलमध्ये मावतं. हावड्यात कुणी शिंकलं तरी बराकपूरला केळकरकाकांना कळतं! काका रिटायर होऊन इथेच राहिलेले, मंडळाचे सर्वेसर्वा.

बदली झालेलं कुटुंब जाताना निरोपाच्या जेवणात सामान वाटून जातं: खोवणी, पुरणयंत्र, काय वाटेल ते. एकदा त्यावरून दोन वहिनींची जुंपली, तेव्हा काकांनी नियमच केला. पहिला हात ज्याचा वर, वस्तू त्याची. "आणि कशाला हवं, ते कुणी विचारायचं नाही!"

*

मला डिप्रेशन आहे हे मंडळात कळलं, तेव्हा काका-काकू घरी आले. मला अंथरूण सोडवत नव्हतं, आंघोळ नको, फोन नको. काकांनी पहाटे गंगेवर फिरायला जायला सांगितलं. वर म्हणाले, "हा आजारच नव्हे. एक्स-रेमध्ये दिसतो का?"

"तुमचं बीपी दिसतं का?" काकूंनी विचारलं.

ते मशीनवर दिसतं, असं काकांचं म्हणणं. काकूंच्या मते मशीनची गरजच नव्हती, आवाजावरून कळायचं.

*

नवऱ्याने मला बागबाजारच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर बंगाली. मी सुरुवात हिंदीत केली, पण रडू फुटल्यावर सगळं मराठीतच बाहेर पडलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "समझा थोड़ा, सुना पूरा।"

मग गोळ्या लिहून दिल्या. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

*

आमचा लेक इथेच वाढलेला, त्याचं मराठी यथातथाच. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. पलंगावर ओला टॉवेल दिसला आणि मी त्याच्यावर अशी कडाडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

पोरगं नाचत बाबाकडे पळालं. "बाबा, आई ओरडली! आई ठीक झाली!"

*

त्या वर्षी गणपतीला मंडळाचे उकडीचे मोदक मी केले. काका पाचवा मोदक फोडत म्हणाले, "बघ, कामाला लागलीस की बरं वाटतं."

"उलटं आहे काका," मी म्हटलं. "बरं वाटलं, म्हणून कामाला लागले."

काकांनी सहावा घेतला.

*

यंदा आमची बदली झाली, नागपूरला. निरोपाच्या जेवणात माझ्या मोदकपात्रावर तर उड्याच पडल्या. सगळं वाटून झालं, तशी मी उभी राहिले.

"आणखी एक द्यायचंय. माझे डॉक्टर. बागबाजारला बसतात. कुणाला हवेत?"

सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. मग कोपऱ्यातून एक हात वर गेला. केळकरकाकांचा.

जोशीवहिनींना राहवेना. "अहो काका, तुम्हाला कशाला..."

मी त्यांना तिथेच थांबवलं.

"विचारायचं नाही, वहिनी. नियम काकांचाच आहे."