खर्जाचा कान

गिटार किंचाळली तेव्हा दुकानात आम्ही चौघं होतो. तिघांनी कानांवर हात ठेवले. चौथा ती गिटार गळ्यात अडकवून उभा होता आणि शांतपणे विचारत होता, "कुठे काय होतंय?"

चौथा म्हणजे खर्ज. दुकान त्याचंच.

हे काही त्याचं खरं नाव नाही. तो बेस गिटार वाजवतो, बोलतोही खालच्या पट्टीत. कुणीतरी कधीतरी खर्ज म्हटलं आणि ते चिकटलं. मी त्याला दादा म्हणतो. तो मला साहित्यिक म्हणतो. मी साहित्यात पदवी घेतली आणि अजून कुठे चिकटलो नाही, या दोन्ही गोष्टी मिळून ते एक नाव.

दुकान जिन्याखाली आहे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. आत भिंतीभर खुंट्या आणि खुंट्यांवर वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारी. बेस गिटारी खाली, कारण त्या जड. मागे अर्धा सरकवलेला पडदा. पडद्याआड वहिनी बसते. लग्नाआधी ती रेडिओ दुरुस्त करायची, आता गिटारींच्या पोटातल्या तारा जोडते. दुकानात एक मोठा आरसाही आहे. गिटार गळ्यात घालून स्वतःला बघितल्याशिवाय गिऱ्हाईक ती घेत नाही, असं दादा म्हणतो.

विकणारे लोक बहुतेक पडेल चेहऱ्याने येतात. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाच्या घरात पाळणा आणि गिटार या दोघांना जागा नसते. दादा भाव करत नाही. आधी म्हणतो, "एकदा वाजव. मग बोलू." माणूस वाजवतो. काही जण वाजवता वाजवता विचार बदलतात आणि गिटार घेऊन परत जातात. वहिनी मग पडद्याआडून म्हणते, "झाला धंदा."

विकत घेतलेली गिटार तो कशी तपासायचा, ते बघण्यासारखं होतं. आधी वायर न जोडता वाजवायचा. मग गिटारीच्या अंगाचं वरचं शिंगासारखं टोक दातांत धरायचा आणि एकेक तार छेडायचा. लाकडात कुठे फट असेल, दांडीवरची एखादी धातूची पट्टी, म्हणजे फ्रेट, उचललेली असेल, तर ते दातांना कळतं, असं त्याचं म्हणणं. मग टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला की गिटार अ‍ॅम्पला जोडून आवाज पूर्ण वर. एरवी तेवढ्या आवाजाला इस्त्रीवाला भांडायला येतो. त्या वेळी दादा सारखा आरशात बघायचा. नट व्हायचं राहून गेलं का, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा.

त्याने पास केलेल्या गिटारीला गावभर किंमत होती. स्टेजवर वाजवणारी पोरं ती डोळे मिटून विकत घ्यायची. टायरवाला म्हणायचा, कानाखाली वाजवूनही लोक ज्याला पैसे देतात, असा गल्लीत हा एकच.

तर ती किंचाळणारी गिटार.

ती विकत घेणारी मुलगी विशीतली. केस कापलेले, नखांना तारांचा काळा रंग. मोठ्या बँडमध्ये शिरायची तिला संधी आली होती. त्यासाठी तिने दादाकडून पांढरी गिटार नेली. दुकानात तिने ती हळू आवाजात वाजवली. घरी छोटा अ‍ॅम्प, तिथेही हळूच. पूर्ण आवाजात तपासायचं काम दादाचं, आणि ते झालं असं त्याने सांगितलेलं. मग बँडसमोर तिने पहिल्यांदा आवाज वर नेला.

जुन्या गिटारीत असं होतं. तारांखाली पिकअप असतो, आत तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली असते. वेटोळी सैल झाली की आवाज वाढवल्यावर ती शिट्टी मारते. कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. बँडवाल्यांनी तिला पुन्हा बोलावतो म्हणून सांगितलं. म्हणजे काय, ते तिला कळलं.

ती भांडायला आली नव्हती. तिला वाटलं, त्यांच्या अ‍ॅम्पचाच दोष असेल. खर्जकाकांच्या हातून असं जाणार नाही, असं ती मला बाकावर बसल्या बसल्या सांगत होती. दादाने गिटार जोडली, आवाज वर नेला, आणि मग ते झालं.

वहिनी धावत बाहेर आली. तिने अ‍ॅम्पचं बटण बंद केलं. दादाने तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. आमचे हात अजून कानांवर होते. मी ते खाली घेतले. फार उशिरा घेतले.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडल्यावर होतो तसा तो नव्हता. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा.

आधी मुलगी बोलली. "माझ्याच हातून आपटली असेल काका. बसमधून नेली, गर्दी होती."

तिने दार उघडून दिलं होतं. मला वाटलं, जा, दादा. निघून जा त्यातून. दुकान या एका गोष्टीवर उभं आहे. वहिनी फरशीकडे बघत होती.

दादा मुलीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू नाही आपटलीस. मला ऐकू येत नाही."

पुढे त्याने तितक्याच साधेपणाने सांगितलं. बारीक, वरचे आवाज येत नाहीत. शिट्टी, पाखरं, दारावरची बेल. तरुणपणी कितीतरी स्टेजवर तो ड्रमवाल्याच्या झांजांना खेटून उभा राहिला. आधी रात्री घरी आल्यावर कान वाजायचे. पुढे ते दिवसाही वाजू लागले. मग वाजायचे थांबले, आणि जाताना बरंच काही घेऊन गेले. खालचे सूर राहिले. म्हणून बेस पूर्वीसारखी वाजवता येते, आणि म्हणून कुणाला कळलं नाही.

"आणि तपासायचास कसा?" मी विचारलं.

उत्तर वहिनीने दिलं. तो आरशात स्वतःला बघत नव्हता. तिला बघत होता. पडदा त्यासाठीच अर्धा उघडा. तिने हात टेबलावर पालथा ठेवला की गिटार ठीक. हात उचलला की किंचाळते. तसली गिटार ती रात्रीतून उघडायची, पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून वेटोळी घट्ट करायची. मधे तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती माहेरी होती. मी येईपर्यंत काही विकू नका, असं सांगून गेली होती.

"पोरीला घाई होती," दादा म्हणाला.

"पोरीला घाई होती," वहिनी म्हणाली. नक्कल करावी तशी, पण रागावून नाही.

मी अ‍ॅम्पवर बसलो. किती दुपारी मी या दुकानात काढल्या होत्या. माझ्या सगळ्या कथा मी आधी त्याला वाचून दाखवल्या होत्या.

"माझ्या कथा?" मी विचारलं.

"मान खाली घालून वाचतोस रे तू. तोंड दिसलं असतं तर जमलं असतं."

"पण तू मान डोलवायचास."

"तू थांबायचास तेव्हा."

मुलगी फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वहिनी म्हणाली, पिकअप मेणात बुडवून देते, संध्याकाळपर्यंत होईल. मुलीने मान हलवली. तिला ती गिटारच नको होती. हिला हात लावला की ती माणसं आठवतील, म्हणाली. दुसरी घेतली असती. पण आता कुणाच्या शब्दावर घ्यायची?

शेजारी टायरवाल्याचा पंप सुरू झाला.

दादाने अंगठा वहिनीकडे केला. "हिच्या."

वहिनीला वाजवता येत नाही. म्हणून तो वाजवणार, ती ऐकणार. हे ते दोघं कायमच करत आले होते, पण ऐकायला ती पडद्याच्या पुढे कधी आली नव्हती. तिने स्टूल ओढलं. पदराला हात पुसले. दादाने सगळ्यात वरच्या खुंटीवरची लाल गिटार काढली. ती तो सहसा कुणाला दाखवत नसे. खूप सुंदर वाजवली त्याने.

"ही नको," वहिनी म्हणाली.

"किंचाळली?"

"नाही. डबा आहे. वर गेलात की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं येतं."

दादा बघतच राहिला. "इतकी वर्षं ही इथे लटकतेय. बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? किंचाळते की नाही, एवढंच सांगायचं ठरलं होतं आपलं. गोड आहे की नाही, ते खातं तुमचं."

कान गेल्याचं सांगताना तो डगमगला नव्हता. आता त्याने हात मागे नेऊन भिंत चाचपली.

"आणि विकल्या त्या?"

"बऱ्याच चांगल्या होत्या."

"बऱ्याच?"

वहिनी पुन्हा फरशीकडे बघू लागली. दादा खाली बसेल असं मला वाटलं. मुलीलाही वाटलं असावं, तिने बाकावर जागा केली. पण तो बसला नाही. त्याने लाल गिटार खुंटीला लावली आणि दुसरी काढली.

"नको," वहिनी म्हणाली. तिसरीला नाक मुरडलं. चौथीला, बरी आहे, पण या पोरीच्या हाताला जड. प्रत्येक नकारागणिक दादाचा चेहरा आणखी उघडा पडत होता. जणू आपलंच घर त्याला कुणीतरी पहिल्यांदा दाखवत होतं. मुलगी आता गिटारींकडे बघतच नव्हती. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मीही.

दाराजवळ एक करडी गिटार होती. रंग उडालेला, एक बटण दुसऱ्याच कुठल्यातरी गिटारीचं. एका बसवाहकाने आणली होती आणि वाजवायचं म्हटल्यावर नको म्हणाला होता. दादाने ती नाइलाजाने उचलली. हळूहळू आवाज वर नेला, बोटं दांडीच्या अगदी शेवटपर्यंत, जिथलं त्याला आता काहीच ऐकू येत नाही तिथपर्यंत.

वहिनी काही म्हणाली नाही. दादाने ठरल्याप्रमाणे तिच्या नकाराची वाट बघितली आणि हात तारांवरून काढला.

"थांबलात कशाला?" वहिनी म्हणाली.