विटांचा काठ
प्लॅस्टिकच्या विटांचा नवा डबा उघडला, की त्या वासाबरोबर मला शहापुरातली माहेरची खोली आठवते. ऐंशीनंतर कधीतरी आमचा हातमाग विकला गेला. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मागावर बसताना पाय सोडायचा खड्डा बुजवून वर फरशी घातली, आणि त्याच फरशीवर मांडी घालून ते माझ्या मुलाच्या खेळातल्या विटा जोडत बसू लागले. गल्लीतल्या पोरांकडून सुट्या विटाही मागून आणत. घर, गाडी असलं काही त्यांनी कधी केलं नाही. लाल, पिवळ्या, हिरव्या विटा ओळीला ओळ लावून ते लुगड्याचा काठ उठवत. एका दिवाळीत हातभर काठ झाला आणि विटा संपल्या. आई दारातून बघत होती. "लई चांगला झालाय," ती म्हणाली, "पण ह्ये नेसणार कोण वो?" आप्पांनी काठाचं सुरुवातीचं टोक उसवलं आणि त्याच विटा पुढं लावायला घेतल्या. काठ फरशीवरून सरकत राहिला, वाढला मात्र नाही. आता विटा मी जमवते. कपाटभर आहेत, हव्या त्या रंगाच्या. दुपारभर ओळीला ओळ लावत बसते, पण आप्पांचा एकही काठ उठत नाही.