भाषासंस्कार

"उद्या लोक विचारतील, ख्रिश्चन माणसाला मराठी कुठून आलं? मग आम्ही काय सांगायचं?"

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हे माझ्या तोंडावर बोलले. डमडमला, त्यांच्या घरी. समोर मंडळ छापणार होतं त्या माझ्या पुस्तकाची छपाईला जाणारी प्रत होती. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली एक नवी ओळ आली होती. 'भाषासंस्कार', आणि पुढे त्यांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं नाव. अर्पणपत्रिका मात्र गायब होती. 'माझी आई मेरी हिला, जिने हे सगळं ऐकून घेतलं.' एवढीच होती ती.

मी वसईचा कॅथलिक. कोलकात्यात एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोकरी करतो आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करतो. हे पुस्तक बजबजच्या तागगिरणीतल्या एका बाईची कहाणी. रविवारी मिस्सा आटोपून आलो की मी वसईला आईला फोन लावायचो आणि आठवड्यात लिहिलेलं मोठ्याने वाचायचो. कुठे अडलं की ती म्हणायची, "परत वाच." मी ते वाक्य बदलायचो. माळेची प्रार्थना, गाणी, शाळा, सगळं मला मराठीतच मिळालं, आणि पहिल्यांदा तिच्याकडून.

शेवटचं प्रकरण तिला वाचून दाखवायचं राहिलं. त्याआधीच ती गेली.

पुस्तक एकशे बारा पानांचं. त्यात वहिनींनी तीन स्वल्पविराम बदलले होते. मी मोजले.

"अर्पणपत्रिका का काढली?" मी विचारलं.

"अहो, मेरी वगैरे वाचून लोकांना चर्चचं पुस्तक वाटेल. रागावू नका हं. आम्ही तुम्हाला आपलेच मानतो. नाताळचा केक तुमच्याकडेच खातो की नाही?"

ते हसले. वहिनी चहा घेऊन आल्या. "मी काहीच केलं नाही हो. तुमचं मराठी इतकं स्वच्छ, मला आश्चर्यच वाटलं."

त्या मनापासून बोलत होत्या. तेच जास्त लागलं.

माझी मुलगी शेजारी बसली होती. ती इथेच वाढलेली, मराठीत अडखळते. ती हळूच बंगालीत म्हणाली, "बाबा, आजीर नाम केटे दिलो?" आजीचं नाव कापलं?

मी मान हलवली. इतकी वर्षं 'तुमचं मराठी छान आहे' हे मी कौतुक समजून घेत आलो होतो. छान आहे, म्हणजे तुमचं नसूनही छान आहे. त्या खुर्चीत बसून ते मला कळलं.

मी प्रत उचलली. "हे पुस्तक छापू नका."

"एवढ्यावरून? अहो, दुसरं कोण छापणार आहे तुमचं?"

ते खरं होतं. पुण्या-मुंबईच्या चार प्रकाशकांनी आधीच नकार कळवला होता. चहा तसाच ठेवून आम्ही निघालो.

प्रत कपाटात आहे. 'भाषासंस्कार' मी खोडला, आईचं नाव पेनने परत लिहिलं. आता रविवारी मुलीला वाचून दाखवतो. तीही मधेच म्हणते, "परत वाच." पण तिला शब्दच कळलेला नसतो. मी अर्थ सांगतो आणि परत वाचतो. फोन लावायला कुणी नाही.

पुस्तक निघेल तर पहिल्या पानावर माझं नाव असेल आणि आईचं. दोघांच्या मधे तिसरं कुणी नाही. हे ज्याला चालत नाही, त्याने माझं मराठी छापू नये.