खिडकीतला डावा हात

यूसुफभाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा सलीम दारात आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. या चिठ्ठ्यांना तुम्ही दोघं नातवंडं कॅनडातून फोनवरसुद्धा हसता. हसा. पण माझ्या या चिठ्ठ्यांपायी एका भल्या माणसाला जन्मभर काय ऐकून घ्यावं लागलं, ते आता सांगायलाच हवं. सलीमने कागदात गुंडाळलेली एक फ्रेमही आणली होती. तुमचा फोटो मी यूसुफभाईंकडे मढवायला दिला होता ना, तोच. तो कागद सोडायला मला तीन आठवडे लागले...

निजामी राज्याच्या अखेरच्या वर्षांत मी जालन्याच्या मिशन शाळेत नवी शिक्षिका होते. वर्षभर एकही चूक झाली नाही तरच नोकरी पक्की, असं शाळेच्या मुख्य मडमबाईंनी बजावलं होतं, आणि माझ्या पगारावर दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या. आमच्या चर्चच्या खिडक्या उंच, टोकदार कमानींच्या. वेदीमागच्या खिडकीत रंगीत काचेचा प्रभू येशू उजव्या हाताने भाकर देतो. त्या साली गारपिटीने त्या खिडकीची पार चाळण केली. विलायतेहून कारागीर कोण आणणार? बाजारात तसबिरी मढवणारे यूसुफभाई होते, त्यांना बोलावलं. नव्या पाद्रीसाहेबांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून मधे दुभाषी मी. यूसुफभाई म्हणाले, "इसा नबी आमचे पन हायेत, बाई. बराबर करतो. फकस्त जल्दी करा म्हनू नका."

काचा उतरवण्याआधी मी प्रत्येक तुकड्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि वहीत नकाशा काढला. दोन महिने ते दुकानात शिशाच्या पट्ट्यांमध्ये तुकडे बसवत होते. झग्याचा एक तांबडा तुकडा हरवला होता, तो त्यांनी रेल्वेच्या फुटक्या सिग्नल-कंदिलातून कापला. बसवायच्या दिवशी विचारलं, "कोनती बाजू आत, बाई?"

"नंबरांची."

"बराबर?"

"बिलकुल!" वेदीवर धूळ नको म्हणून मी बाहेरून शिडी लावून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, हे साफ विसरले. यूसुफभाईंनी काच बसवली, चिठ्ठ्या धुऊन काढल्या. मी फरशीवरचे चुन्याचे डाग पुसण्यात दंग.

ईस्टरच्या सकाळी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे रांगेत उठले आणि पहिल्या बाकावरच्या जाफराबादच्या साकराबाई ओरडल्या, "अगं बया! देव डाव्या हातानं भाकर देऊन राह्यला!"

रांग जागीच थांबली. "डाव्या हातची म्या न्हाई घेत," मागून कुणी म्हणालं. रांग का थांबली, ते पाद्रीसाहेबांनी मला विचारलं. ऐकून म्हणाले, "दोन्ही हात त्याचेच." मी मराठीत सांगितलं.

"साहेबाला सांग, त्याच्या घरी चालत आसंल," साकराबाई म्हणाल्या. शेवटी खिडकीवर चादर टांगली, तेव्हा कुठे रांग हलली.

उपासनेनंतर मडमबाईंनी यूसुफभाईंना बोलावून माझ्यामार्फत विचारलं, ही बाजू आत घ्यायला कोणी सांगितलं? मी वही छातीशी घट्ट धरलेली. यूसुफभाईंनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "गलती माझी हाय. बाईनं बराबर सांगितल्तं. मीच उलटं बशीवलं."

आणि मी त्याचं इंग्रजी केलं... शब्दशः.

काच त्यांनी आठवड्यात सुलटी केली. मी पक्की झाले, पुढे मुख्याध्यापिका झाले. ते मात्र बाजारात कायमचे 'उलटे यूसुफभाई' झाले. खरं सांगून टाकते म्हटलं की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या बाई. त्या नावावर गिऱ्हाईक येतंय." मीही दर वेळी राहू दिलं.

परवा फ्रेमचा कागद सोडला. मागच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी होती: 'बाई, चिठ्ठीची बाजू भिंतीकडं.' माझ्यासाठी मढवलेल्या प्रत्येक तसबिरीमागे ते हीच चिठ्ठी लावत. ही शेवटची. ती भिंतीकडे वळवायला माझा हात धजला नाही. म्हणून सध्या तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून आहात, रागावू नका. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "बाई, फोटो उलटा लागलाय."

"हो," मी सांगते, "चूक माझी आहे."