दगडी समुद्रातलं धुकं

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं जर्मनीतल्या क्योनिगझे तळ्याकडून डोंगर चढून पलीकडे ऑस्ट्रियात उतरायला निघालो. मी गार्चिंगला पीएच.डी. करत होते, नवरा तिथून दूर त्सुफेनहाउझेनला इंजिनिअर होता. लग्न झाल्यापासून आमचा संसार शनिवार-रविवारचाच.

पहिला मुक्काम नॅशनल पार्कमधल्या, डोंगरावरच्या हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या विश्रामगृहात होता. सूप पिता पिता तो म्हणाला, "मी पुण्यातली नोकरी घेतलीय."

"घेतोयस की घेतलीस?"

"घेतली."

माझ्या थीसिसला अजून दीड वर्ष होतं. शेजारच्या बाकांवर लोक पत्ते खेळत होते. धड भांडताही आलं नाही.

सकाळी न बोलताच निघालो. पुढच्या पठाराला जर्मनमध्ये दगडी समुद्रच म्हणतात. नजर जाईल तिथवर चिरांनी फाटलेला पांढुरका चुनखडक, झाड नावाला नाही. दगडांवर रंगवलेले लाल-पांढरे पट्टे शोधत चालायचं. तो पुढे, मी बरीच मागे. मग धुकं आलं. आधी पट्टे दिसेनासे झाले, मग तोही. मी हाक मारली तर उलट किंकाळीच ऐकू आली.

एका चिरेत त्याचा पाय अडकून घोट्यापाशी भलतीकडेच वळला होता. मी फोन काढला, आपत्कालीन नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "जर्मनीत आहात की ऑस्ट्रियात?"

तिथे ना कुंपण, ना पाटी. "माहीत नाही," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांनी माझ्याकडून फोनच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून घेतले. धुक्यात हेलिकॉप्टर येणार नाही, माणसं चालत येतील, तुम्ही हलू नका, शिट्टी वाजवत राहा, म्हणाल्या.

मी त्याला माझं जॅकेटही पांघरवलं. त्याचे दात वाजत होते.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

मी शिट्टी वाजवत राहिले. इतका राग आणि इतकी भीती एकाच माणसासाठी मला कधी वाटली नव्हती.

शेवटी धुक्यातून उलट शिट्टी आली. ऑस्ट्रियाच्या बाजूने बचाव पथकाची माणसं वर आली होती. त्यांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून खाली नेलं.

दरीतल्या हॉस्पिटलमध्ये त्याचं ऑपरेशन चालू असताना सासूबाईंचा फोन आला. मी अपघाताचं सगळं सांगितलं. त्या रडल्या, मग सावरून म्हणाल्या, "अगं, तो परत येतोय म्हटल्यावर महिनाभर मी किती आनंदात होते. तुमचं दोघांचं ठरलंय ना, मग होईल सगळं नीट."

महिनाभर.

"हो आई," मी म्हटलं.

जानेवारीत तो किंचित लंगडत पुण्याला गेला. थीसिस संपवून मीही गेले. आमचं बरं चाललंय. पण त्या महिन्याबद्दल मी त्याला अजून विचारलेलं नाही.